जानरावांचा डावा डोळा

भातकुलीच्या शिवारात झेंडू आणि वांगी पिकवणाऱ्या जानरावांचा डावा डोळा काही वर्षांपासून अखंड वाहत होता. बायको शकुन बाळंतपणात गेली, त्याच महिन्यात तो वाहू लागला. डोळा तिच्यासाठी रडतो, असा गावाने अर्थ लावला आणि जानरावांनीही तोच मानला. त्यांनी दुसरे लग्न केले नाही, याचे कोणाला नवल वाटले नाही. अमरावतीच्या बाजाराला त्यांच्यासोबत बंडी हाकणारे नत्थुजी तेवढे चेष्टा करीत, "अबे, तुह्या डोयाले मोट लावली तं सारे वांगे भिजतीन!"

शकुनची आई मैनाबाई त्याच गावात एकटी राहत असे. दिवस कलला की ती जावयाच्या ओसरीवर येऊन बसे. बोलणे फारसे होत नसे. निघताना मात्र ती त्यांच्या डोळ्याकडे पाहून म्हणे, "सारं गाव इसरलं तिले, जवाईबापू. तुमी नाही इसरले." त्या एका वाक्यावर जानरावांची रात्र निभावून जाई.

एकोणीसशे अडतीसच्या हिवाळ्यात डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात बोराएवढी गाठ आली. दाबली की पू येई. अमरावतीच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी ती निरखून पाहिली.

"हे रडणं नव्हे," ते म्हणाले. "डोळ्यातलं पाणी नाकात उतरण्याची वाट बुजली आहे. उद्या बुबुळावर साधा ओरखडा उठला, तरी हा पू डोळा घेऊन जाईल. नाकाच्या हाडातून नवी वाट काढावी लागेल."

"पन बायको गेली तवापासून हाये जी हे."

"वाट तेव्हाच बुजली असेल."

जानराव परतले ते काहीतरी हरवल्यासारखे. संध्याकाळी त्यांनी मैनाबाईला सारे सांगितले. "डोया कोरडा होईन, मामी."

"मंग माह्या लेकीसाठी कोन रडीन? माहे डोये तं कवाचेच आटले."

"जाऊ देऊ का डोया?"

"मी कोन सांगनार, बापा."

ती 'नको' म्हणाली असती, तर ते गेले नसते.

दवाखान्यात 'सोबत कोण?' असे विचारले गेले. "कोनी नाही," जानराव म्हणाले. कातडी बधिर केली होती, पण ते जागे होते. हाडावर छिन्नीचा प्रत्येक ठोका दातांत उतरत होता. टाके निघाले तेव्हा गालावर पाण्याचा थेंब नव्हता.

ते गावी आले त्या संध्याकाळी मैनाबाई आली. तिने व्रण पाहिला. "आता साजरं झालं," एवढेच म्हणाली आणि नेहमीचे वाक्य न बोलता उठली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पुढेही नाही.

फाल्गुनातल्या एका सकाळी झेंडू तोडताना जानरावांना शकुनचे रागावणे आठवले. देठ आखूड तोडला की ती हातावर चापट मारायची. ते बांधावर बसले आणि आतल्या आत रडले. दोन्ही डोळे भरले, पण सांडले नाहीत. डाव्याचे पाणी नव्या वाटेने आत उतरले. घशात खारट लागले.

पाऊलवाटेने मैनाबाई सरपणाची मोळी घेऊन चालली होती. तिला बांधावर बसलेला, कोरड्या गालांचा माणूस दिसला.

"डोया बरा हाये ना?" तिने चालता चालता विचारले.

"बरा हाये, मामी."

ती थांबली नाही.