भावकीचा एक नंबर माल

आमच्या टोमॅटो कंपनीचा दिल्लीचा व्यवहार कसा बुडाला, हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. कुणी विचारलं की गुडघेदुखीचा विषय काढायचो.

मध्यस्थ म्हणायचो आम्ही त्याला. डिंगोरे गावचा पोरगा, पुण्यात कॉम्प्युटर शिकलेला. नाती विचारायची त्याला भारी खोड. माणसांची नव्हे, मालाची. हा क्रेट कुणाच्या शेतातला, कुठल्या ट्रकात चढला, कुणाच्या गाळ्यावर उतरणार? वारूळवाडीत चहा पितानासुद्धा दूध कुठल्या गोठ्यातलं ते विचारी.

त्याचं कामच ते. शेतकरी, ट्रकवाला आणि दिल्लीचा व्यापारी यांच्या कॉम्प्युटरांना एकमेकांचं कळत नसे. त्याने तिन्ही कॉम्प्युटरांना एकच भाषा शिकवली. कशाचा कशाशी काय संबंध, हे एकदा सांगितलं की पुढचं यंत्रच ओळखे. "आबा, हे लग्नातल्या म्हातारीवानी हाय," तो म्हणे. "दोन नावं सांगा, बाकीची नाती ती लावती."

आता आमच्याकडे मान असतो. जत्रेत पहिला नारळ ठरलेल्या घराचा. तसा संचालकांचा माल न बघताच एक नंबर प्रतीचा. मी अध्यक्ष. हा मानही कॉम्प्युटरात घाल, असं मीच सांगितलं.

"आबा, प्रत टोमॅटोची असती, घराची नसती."

"आन तुझी नोकरी कुठल्या घरानं लावली?" मी विचारलं.

त्याने तो मान यंत्रात घातला. मग संचालकांनी भावकी घालायला लावली, भावकीनं सोयरे. यंत्र बिचारं आज्ञाधारक. नात्याला नातं लावत त्याने जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुके एक नंबर ठरवले. कच्चा, फुटका, पिचका, सगळा माल. दिल्लीवाल्यांनी ट्रक उघडले आणि व्यवहार तोडला.

सभेत सर्वांत जास्त तापले ते पेठ गावचे संचालक. सर्वांत पिचका माल त्यांच्याच मेहुण्याचा होता. "मशिनला अक्कल नाय राव, आन बनवणाऱ्यालाबी नाय," ते म्हणाले. मध्यस्थ माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाचवायला माझं एक वाक्य पुरे होतं. मी त्याला कामावरून कमी करण्याचा ठराव वाचला. एकमताने मंजूर झाला.

गेल्या वर्षी एका लग्नाला तो येणार हे कळलं, तेव्हा मी माफीचे शब्द पाठ करून गेलो. तो पाया पडला. बायकोला म्हणाला, "ह्यांनी मला पयलं काम दिलं."

"बाळा, त्या सभेत मी..." इतकं तोंडातून निघालं. माझा आवाज बारीक, म्हणून तो ऐकायला वाकला.

मी म्हणालो, "पहिल्या पंगतीला बसून घ्या दोघं. मागनं लई गर्दी व्हईल."