मामांना न जमलेली खिचडी

रोहा आणि पेण या दोन तालुक्यांत आजवर जेवढी माणसं खचली, त्यातल्या निम्म्यांना माझ्या बायकोच्या मामांनी जेवू घालून पुन्हा मार्गाला लावलेलं आहे. उरलेली निम्मी खचलेलीच राहिली, कारण त्या दिवशी मामा गावाला गेले होते. हे मत खुद्द मामांचं, पण मी ते इतक्या वेळा ऐकलंय की आता मलाही ते खरंच वाटतं. मामा रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहतात. जन्मभर धाटावच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. कुठे काही गळायला लागलं की यंत्राच्या आधी त्यांच्या नाकाला कळायचं म्हणे. मामी लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात या नाकाने त्यांच्या आमटीला नापास केलं. तेव्हापासून शिफ्ट पहिली असो की रात्रपाळी, घरातला स्वयंपाक मामांनीच केला आणि मामींना सन्मानाने ओटीवर बसवलं.

कुठल्या दुःखावर काय रांधायचं हे मामांचं पक्कं ठरलेलं आहे. परीक्षेत नापास झालेल्याला कुळथाची पिठी आणि गरम भात. सासूशी भांडून आलेल्या बाईला वालाचं बिरडं, पण वाल तिनेच सोलायचे. टोपलीभर मोडाचे वाल सोलता सोलता ती सासूला काय ते बोलून घेते आणि बिरडं शिजेपर्यंत सासरच्या बसची वेळ विचारायला लागते. माझी नोकरी गेली तेव्हा मामा तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी घेऊन एसटीने थेट आमच्या दारात आले. "जावई, आधी खा, मग काळजी करा. उपाशीपोटी केलेली काळजी अंगाला लागत नाय," असं म्हणून समोर मांडी घालून बसले आणि शेवटचा घास पोटात उतरेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत राहिले. मला नवी नोकरी मिळाली तिचं श्रेय ते आजही त्या चटणीला देतात.

अशा माणसाची हार झाली ती पेणला. पेणचे तात्या हे मामांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. गेल्या उन्हाळ्यात तात्यांची बायको गेली आणि तात्यांनी जेवण सोडल्यासारखंच केलं. अगदी उपास नाही, पण ताटावर बसायचे, दोन शितं चिवडायचे आणि उठायचे. अशक्तपणाने हात थरथरायला लागला. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मात्र तेच करत आलेले, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यामुळे रंगवून झालेले गणपती फळ्यांवर डोळ्यांविना रांगेने बसलेले आणि त्यांच्यासमोर तात्या नुसते बसलेले.

मामांनी ही केस हातात घेतली. एक दिवसाआड डबा घेऊन ते रोह्याहून पेणला जाऊ लागले, बहुतेक वेळा मला बरोबर घेऊन. पिठी झाली, बिरडं झालं, ओल्या नारळाचे घावन झाले. तात्या प्रत्येक वेळी "छान झालंय" म्हणायचे आणि डबा सरकवायचे. मामांच्या आयुष्यात "छान झालंय" इतका मोठा अपमान कधी झाला नव्हता. शेवटी तात्यांच्या सुनेने मामांना बाजूला घेतलं आणि म्हणाली, "मामा, तुम्ही रागावू नका, पण हे सगळं फार चांगलं असतं. आमच्या आईंच्या हातचं तसं नव्हतं. त्या खिचडी चुलीवर ठेवायच्या आणि शेजारणीशी बोलायला दारात जायच्या. रोज करपायची. बाबांनी जन्मभर तीच खाल्ली."

परतीच्या गाडीत मामांनी नागोठण्यापर्यंत डब्याचं झाकण चारदा उघडून वास घेतला. मग म्हणाले, "वाईट करायचं, एवढंच ना. त्यात काय हाय."

पण ते काही सोपं नव्हतं. मामांनी खिचडी चढवली की ती लागायच्या आधीच नाक उठायचं आणि हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जायचा. एकदा तर त्यांनी मला हात धरून ठेवायला सांगितलं. मी धरले, तर त्यांनी कोपराने गॅस बंद केला. दुसऱ्या खेपेला थोडीशी करपली, पण तिचा त्यांना इतका पुळका आला की वरून तूप, खोबरं आणि कोथिंबीर घालून त्यांनी ती सुधारली. तीही तात्यांना छान वाटली.

हे सगळं ओटीवरून बघत असलेल्या मामी एका सकाळी उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरा बाजूला." त्यांनी डाळतांदूळ धुतले, खिचडी चढवली आणि सरळ दारात येऊन माझ्याकडे माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागल्या. इकडे वास सुटला. मामा अंगणात येरझाऱ्या घालत होते. मध्येच थांबून म्हणाले, "गो, लागतेय ती."

"लागू दे की," मामी म्हणाल्या आणि दुसऱ्या गुडघ्याकडे वळल्या.

तो डबा आम्ही पेणला नेला. तात्यांनी झाकण उघडलं आणि ते तसंच हातात धरून बराच वेळ बसले. मग जेवले. डबा बोटाने पुसून खाल्ला, डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसले आणि म्हणाले, "मीठ पण नाय रे हिच्यात." सुनेने तोंड फिरवलं. मामींचा डबा त्यानंतर पेणला जातच राहिला. पुढे एका दुपारी सुनेचा फोन आला, की बाबा आखणीला बसलेत.

पण मला आठवतो तो मामींच्या पहिल्या डब्याच्या दिवशीचा परतीनंतरचा प्रसंग. मामा घरी आले, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. आत जायला ते कधी थांबत नसत.

"गो, उरली हाय काय त्यातली?"

"टोपाला लागलीय ती हाय. घासायला टाकणार होते."

"दे."

मामींनी खरवडून दिली. मामा खाली बसून जेवले. मी विचारलं, "कशी आहे?" "वाईट," ते म्हणाले आणि ताट पुन्हा पुढे केलं. मग मामींकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्षं मी तुला काय करूच दिलं नाय. उद्या तू नसलीस तर मी काय आठवायचं?"

मामी टोपात पाणी ओतत होत्या. "आधी जेवा," त्या म्हणाल्या. "आठवायचं मग बघू."

आता बुधवारचा स्वयंपाक मामींचा असतो, म्हणजे तीच खिचडी. त्या दिवशी आम्ही अष्टमीला गेलो तर मामा आमच्यासाठी वेगळी पिठी करतात, वाढतात, आग्रह करतात. स्वतःचं ताट मात्र जरा बाजूला घेऊन बसतात. घरात आलेल्याला जबरदस्तीने जेवू घालणारा हा माणूस, पण त्या करपलेल्या खिचडीतला एक घासही त्यांनी आजवर कुणाला विचारलेला नाही.