कोणत्या बाईची गाठ?

मैत्रिणींनो,

आज दुपारी आमच्या भंडाऱ्याच्या दवाखान्यात जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. आंधळगावकडचे, तळ्यात मासे धरणारे एक पन्नाशीचे काका बायकोबरोबर तपासणीचा अहवाल घ्यायला आले.
२. काकांच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासला होता. निघाला स्तनाचा कर्करोग.
३. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी नागपूरला जायला सांगितलं.
४. काका तिथून थेट माझ्या प्रयोगशाळेत आले.

"कोन्या बाईची गाठ माह्या नावावर टाकली, मॅडम? मी का बाई हाव?"

त्यांची गाठ तपासली त्या दिवशी आमच्याकडे गाठीचा तुकडा एकच आला होता, त्यांचाच. मी तसं सांगितलं. हा रोग क्वचित पुरुषांनाही होतो, हेही सांगितलं.

"गावात समजलं त लोक हासतीन."

"हासू द्या," काकू म्हणाल्या. "सालभर बंडीखाली लपवली. उद्या तुमच्या मातीले येतीन, तवा कोनी हासनार नाही. ते चालन का?"

काकांनी अहवालाची घडी करून खिशात घातली. शनिवारी तुकडा काढला तिथले टाके काढायला येतो, पण नागपूरचं नाव काढू नका, म्हणाले आणि गेले.

मी सांगितलं ते सगळं बरोबर होतं, आणि त्याचा काहीच उपयोग झाला नाही. तेव्हापासून कामात लक्ष नाही. एकच काचपट्टी तीनदा पुसली.

अशी शस्त्रक्रिया झालेला पुरुष मी पाहिलेला नाही. तुमच्या दवाखान्यात कुणी आहे का? तो काकांशी बोलेल का, बंडी काढून व्रण दाखवेल का, एवढं त्याला विचारा.

उत्तर मला शुक्रवारपर्यंत हवं आहे.