अण्णांच्या पाठीवरचा पाय

मी इस्लामपुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. भूतबाधा, नजर, उतारा... यातलं मी कधीच काही मानलं नाही. तरीही हे लिहितेय, कारण मनात ठेवून आता झोप लागत नाही.

मी पायाळू — जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आमच्या उंब्रजकडे मानतात. त्यामुळे मी माहेरी गेले की आळीतल्या बायका ओसरीवर पालथ्या पडायला हजर! मीही हसत पाय लावायची. फुकटची फिजिओथेरपी.

गेल्या उन्हाळ्यात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाठ धरली. फौजेतून रिटायर झालेला गडी, दुखणं कबूल करणारा नव्हे. पूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरवर उपचार झाले होते, पण ते संपलं असंच आम्ही धरून चाललो होतो.

"उसाला पाणी पाजताना लचकलं आसंल. लाव पाय, चांगला जोर दे," म्हणत ते सतरंजीवर पालथे झाले.

भर दुपार. भिंतीला हात टेकून मी पाय उचलला, तोच अण्णा कळवळले.

"आगं बास! लय गार पाय हाय तुझा. काढ!"

माझा पाय अजून हवेतच होता.

"अण्णा, मी आजून टेकवलाच न्हाई वो."

"मग ह्यो कुणाचा?"

त्यांनी दाखवलेल्या जागी मी हात लावला. मे महिन्यात तेवढीच कातडी बर्फासारखी गार. मी घाबरले... खरंच घाबरले.

दुसऱ्या दिवशी कराडला एमआरआय केला. नेमका त्या गार जागेखालचाच मणका कॅन्सरनं पोखरला होता. "जोर दिला असता तर मणका खचून मज्जारज्जूवर दाब आला असता," डॉक्टर म्हणाले, "दोन्ही पाय गेले असते." रेडिएशन झालं. मग हाडं टिकवणारी इंजेक्शनं सुरू झाली. अण्णा पुन्हा शेतापर्यंत चालू लागले.

दिवाळीत मी आत करंज्या तळत होते. ओसरीवरून अण्णा ओरडले, "आता मांडीवर कशाला पाय ठेवलास?"

पुन्हा स्कॅन. मांडीच्या हाडात डाग. मोडायच्या आधीच रॉड घातला. "दुखत नव्हतं, मग तपासायला कसं आलात?" डॉक्टरांनी विचारलं. मी काय सांगणार, कपाळ?

हा आजार मुळापासून जात नाही, पण आवरून ठेवता येतो, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या आशेवर आम्ही होतो. खरं सांगते, त्या पायाचाही मला आधार वाटू लागला होता... निदान आधी कळतं तरी! तो कुणाचा, अण्णांनाच का जाणवतो, याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.

आज सकाळी अण्णांचा फोन आला. रिपोर्टची पिशवी घेऊन मी एसटीत बसलेय.

"पोरी, आज दोन्ही पाय हायती," ते म्हणाले. "छातीवर उभं ऱ्हायलंय कुणीतरी. उतरंना गं."