दुसऱ्याचा पॅच

बाबा लोकांचे कपडे शिवत आणि आम्ही उरलेल्या तुकड्यांचे घालत असू. आज अमेरिकेतल्या चँडलरमध्ये एका दुकानात चामड्याचा वास आला आणि कॉलेज करताना धरलेली अल्टरेशनच्या दुकानातली नोकरी आठवली.

मोटरसायकल क्लबच्या एका दाढीवाल्याच्या जॅकेटवर मी क्लबच्या चिन्हाचा पॅच शिवला आणि बाबांच्या सवयीप्रमाणे, नीट बसला का पाहायला, ते अंगात घातलं.

"काढ ते!" तो दारातूनच ओरडला. "दोन वर्षं राबलोय, तेव्हा क्लबने तो पॅच दिलाय. माझी बायकोसुद्धा घालत नाही."

नोकरी गेलीच, असं वाटलं. मी माफी मागून जॅकेट दिलं. त्याने टाके निरखले. "शिवलंयस मात्र झकास, पोरी."

तेव्हा वाटलं, एवढ्याशा पॅचचा केवढा ताठा! पुढच्या वर्षी मैत्रिणीने माझा पदवीचा गाउन फोटोपुरता मागितला. मी दिला नाही. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.