हात हलला असेल, काका

जबलपूरच्या एका सरकारी ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायला लागले तेव्हा दोन मजल्यांवर मिळून चाळीस कॉम्प्युटर होते आणि त्यांच्यामागे धावणारी मी एकटी. मग एक नवा प्रोग्राम आला. तळमजल्यावरच्या माझ्या खोलीत बसून चाळीसही स्क्रीन एकदम दिसायला लागल्या, छोट्या छोट्या चौकोनांत. एका चौकोनावर क्लिक केलं की तो कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. तिथल्या माणसाच्या माऊसचा बाण मी इथून फिरवू शकत होते.

वरच्या मजल्यावर एक जुने क्लार्क होते, मूळचे अमरावतीकडचे. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. हिवाळ्यात ते जवळच्या पनागर गावच्या मटारची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून जायचे. प्रमोशनसाठी त्यांना कॉम्प्युटरची परीक्षा द्यायची होती. रोज दुपारी जेवण झालं की ते एका बोटाने सराव करत बसायचे.

पहिल्यांदा ते चुकून झालं. त्यांच्या कॉम्प्युटरवर मी काहीतरी दुरुस्त करत होते आणि ते समोरच बसले आहेत हे विसरले. माझा एक सहकारी शेजारी चहा पीत होता. काकांचा बाण पळताना पाहून तो म्हणाला, "फिर से करो ना!" आणि धावत वर गेला. मी बाण पुन्हा पळवला आणि त्याने तिथून इंटरकॉम केला. "माऊस उलटा करके देख रहे हैं!"

मी हसले. त्या ऑफिसात तोवर माझ्याबरोबर कोणी हसलंच नव्हतं.

मग रोजच व्हायला लागलं. ते 'सेव्ह'कडे निघाले की मी बाण कोपऱ्यात न्यायची. आठवड्याभराने काका खाली आले.

"पोरी, जरा पाहून दे बरं. बाण माझं ऐकूनच नाही राहिला. मी इकडे नेतो, तो तिकडे पळते."

सहकारी तोंडावर रुमाल धरून बसला होता. मी दोन-चार बटणं दाबली. "कॉम्प्युटर तर ठीक आहे. हात हलला असेल, काका."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि पाहत राहिले. "काहून हलला असेल? माझ्या वडलांचे हात असेच हलायचे, शेवटी शेवटी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी स्क्रीनकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच केलं.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांच्या स्क्रीनवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी मी कशालाही हात लावला नाही. काकांचा बाण बटणापर्यंत यायचा, थांबायचा, मागे जायचा. पुन्हा यायचा. तासाभरात टाइप करायला दिलेलं त्यांचं पत्र अर्धंच झालं. निकाल लागला तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "इनसे अब नहीं होगा," आणि त्यांना टपालाच्या खोलीत बसवलं. काका म्हणाले, "चलो, बरं झालं. तिथं कॉम्प्युटर तर नाही."

दोन वर्षांनी ते रिटायर झाले. आणखी काही महिन्यांनी मी शहराच्या कडेला, महाराजपूरला त्यांच्या घरी गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. काकूंनी दार उघडलं. काका पलंगावर बसले होते, डोळे जड, बोलणं संथ.

"नागपूरच्या डॉक्टरला दाखवलं," काकू म्हणाल्या. "ते म्हणतात, हाताला काहीच नाही. पण हे ऐकतच नाहीत. रात्र रात्र हात पाहत बसायचे. मग झोपेच्या गोळ्या दिल्या. आता दिवसाही झोपूनच राहतात."

चहा आला. काकांनी कप धरला नाही. काकूंनी बशीत ओतून पाजला.

"पोरी," काका मला म्हणाले, "तू वेळेवर सांगितलं म्हणून समजलं. बाकी कोणी सांगितलं नसतं."

काकू माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना काही कळलं होतं का, कोण जाणे. मी चहा संपवला, तब्येतीला जपा म्हणाले आणि निघाले. त्या घरी पुन्हा गेले नाही.

तो सहकारी आता दुसऱ्या शहरात असतो. कधी फोन आला की उलट्या माऊसची गोष्ट काढतो आणि पोट धरून हसतो. मी त्याला थांबवत नाही. "हो, आठवतं," म्हणते.