काळीचा गिअरबॉक्स

वडिलांकडे एकाच बनावटीच्या दोन जुन्या विलायती गाड्या होत्या. काळी रस्त्यावर चालायची. हिरवी तिला सुटे भाग पुरवायला ठेवलेली. विलायतेतून काही मागवणं परवडत नसे, म्हणून काळीचं काही मोडलं की हिरवीतून काढायचं, हा घरचा नियम. वडील गेल्यावर काळी धाकट्या भावाला मिळाली, सोलून काढलेली हिरवी मला. ते मला कायम टोचत राहिलं.

वर्षानुवर्षं जुन्या बाजारात हिंडून मी हिरवी उभी केली. गिअरबॉक्स तेवढा मिळेना. भावाकडे मागितला.

"चालती गाडी फाडून तुझं मढं उठवू?" तो म्हणाला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

गेल्या वर्षी त्याच्या कात्रजच्या सोसायटीने ती 'धूळ खाणारी गाडी' पार्किंगमधून हलवायला सांगितली. तो विकायला तयार झाला, पण अट घालून: घेणाऱ्याने ती चालवायची, तोडायची नाही. हे मला कळलं आणि मी वाघोलीचा एक भंगारवाला जुन्या गाड्यांचा शौकीन म्हणून त्याच्याकडे पाठवला. पैसे माझे, थापही माझीच. निघताना भावाने त्याला गार इंजिन सुरू करायला चोक किती ओढायचा ते समजावून सांगितलं म्हणे.

काळी तशीच ठेवून मला चालवता आली असती. पण मला माझीच हिरवी चाललेली हवी होती, आणि ती त्याला दाखवायची होती. गिअरबॉक्स काढून घेतला, आणि हिरवीचा गंजून गेला होता म्हणून ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजाही. उरलेली गाडी भंगारवाल्याने माझ्यासमोर गॅस कटरने कापली. मी थांबवलं नाही.

दरवाजाला हिरवा रंग देऊन एका रविवारी मी थेट भावाच्या इमारतीखाली गेलो. हॉर्न वाजवला. तो खाली आला, गाडीभोवती फिरला, दरवाजा उघडून आत वाकला. काळीची काच वरखाली करायची मूठ तुटल्यावर वडिलांनी तिथे सागाची बसवली होती. ती बदलायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने ती फिरवली. काच वर गेली, खाली आली.

"अहो, बाकीची कुठाय?" त्याने विचारलं. जन्मभर मला अरे-तुरे करणारा भाऊ.

"कापली."

"बाबा हिरवीतून काढायचे. काळीला त्यांनी कधी पाना लावला नाही, तिच्यातलं काढून दुसरीला द्यायला." तो सरळ उभा राहिला. "थांबा, आईला खाली आणतो. काळी चांगल्या घरी गेलीय असं सांगितलंय मी तिला. आता खरं काय ते तुम्हीच सांगा. मोठे आहात."

तो वर गेला. इंजिन मी बंद केलं नव्हतं. थोड्या वेळाने जिन्यात आईची काठी वाजू लागली, ती भावाला विचारत होती, "काळीच आलीय ना रे?"

मी क्लच दाबला. पहिला गिअर अलगद पडला. आई दारात यायच्या आत मी गेटबाहेर होतो.